अंगावरचा कॅमेरा आणि आरोग्यशिक्षण: खरेदीआधी काय ठरवावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: नर्सिंग आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या स्किल लॅबसाठी, म्हणजे हाताच्या कौशल्यांचा सराव करायच्या प्रयोगशाळेसाठी, डोक्यावर, छातीवर किंवा चष्म्यात बसणारे कॅमेरे घ्यायचे आहेत. कोणता प्रकार घ्यावा? त्यानं शिकणं खरंच सुधारतं का? आणि कॅमेऱ्यानं विद्यार्थी बुजतील ही सहकाऱ्यांची भीती कितपत खरी?

आधी थेट उत्तर देते. शिकणं सुधारतं, पण रेकॉर्डिंग झाल्यावर विद्यार्थ्याला शेजारी बसवून ते पाहायला शिक्षकाकडे वेळ असेल तरच. म्हणून कॅमेऱ्याच्या खरेदीआधी शिक्षकांचे तास मोजा. पंचवीस विद्यार्थ्यांच्या तुकडीतल्या प्रत्येकाला वीस मिनिटं द्यायची म्हटली, तर आठ तासांहून जास्त वेळ लागतो. तेवढा वेळ वेळापत्रकात नसेल, तर कॅमेरे कमी घ्या किंवा यंदा घेऊच नका. न पाहिलेली रेकॉर्डिंग साठवत राहण्यात विद्यार्थ्याचा काहीच फायदा नाही, उलट गोपनीयतेची जोखीम मात्र वाढत जाते.

दुसरा निर्णय, कॅमेरा कोणाच्या अंगावर. बहुतेक ठिकाणी तो सर्वात आधी शिक्षकाच्या डोक्यावर जातो, आणि तिथे त्याचा उपयोग आहेही. समोर उभं राहून प्रात्यक्षिक पाहणाऱ्याला हात उलटे दिसतात; उजवं-डावं त्याला मनातल्या मनात फिरवून घ्यावं लागतं. करणाऱ्याच्याच नजरेतून घेतलेल्या चित्रफितीत हा त्रास उरत नाही. फिओरेला, मायर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये जोडणीच्या एका कामावर याची तुलना केली, तेव्हा करणाऱ्याच्या नजरेतून पाहिलेल्यांना ते काम जास्त चांगलं जमलं. गाठ मारणं, निर्जंतुक ग्लोव्हज घालणं, टाके घालणं, कॅथेटर टाकणं अशा हाताच्या कामांची दोन-तीन मिनिटांची फीत शिक्षकाच्या डोक्यावरून जरूर घ्या. एकदा नीट घेतलेली फीत वर्षानुवर्षं चालते.

पण तिथेच थांबू नका. २०१३ मध्ये अमेरिकेतले शल्यचिकित्सक राफाएल ग्रॉसमन यांनी शस्त्रक्रियेत गुगल ग्लास हा कॅमेऱ्याचा चष्मा वापरला. २०१४ मध्ये लंडनमध्ये शफी अहमद यांनी त्याच चष्म्यातून शस्त्रक्रिया जगभरातल्या हजारो विद्यार्थ्यांना थेट दाखवली. लांबच्या विद्यार्थ्याला ऑपरेशन थिएटरच्या (ओटीच्या) आत नेणारं ते मोठं पाऊल होतं. तरीही पाहणारा विद्यार्थी पाहणाराच राहिला. वैद्यकीय शिक्षणात १९९० पासून रूढ असलेला मिलर यांचा पिरॅमिड चार पायऱ्या सांगतो: माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं आणि प्रत्यक्ष कामात करणं. शिक्षकाच्या डोक्यावरचा कॅमेरा दुसऱ्या पायरीपर्यंत पोचवतो. तिसऱ्या पायरीसाठी तो विद्यार्थ्याच्याच डोक्यावर हवा.

सलाईनसाठी कॅन्युला, म्हणजे सुईवरून शिरेत सरकवायची बारीक नळी, लावायला शिकणाऱ्या विद्यार्थिनीचं उदाहरण घ्या. शीर सापडते, सुई आत जाते, सुईमागच्या पारदर्शक कप्प्यात (चेंबरमध्ये) रक्त दिसतं, आणि तरीही कॅन्युला पुढे सरकत नाही किंवा शीर फुगते. शेजारी उभ्या शिक्षकाला तिचे खांदे आणि हाताची पाठ दिसते. तो म्हणतो, "कोन कमी ठेव." तिच्या डोक्यावरच्या फितीत वेगळंच दिसतं. रक्त दिसलं त्याच क्षणी सुई न धरलेल्या हाताचा अंगठा उचलला गेला. त्या अंगठ्यानं त्वचा खाली ताणून शीर जागेवर धरून ठेवलेली होती. ताण सुटला आणि शीर सुईखालून सरकली. दुसऱ्या एखाद्या फितीत दिसतं की रक्त दिसताच विद्यार्थ्यानं सुई मागे घ्यायला सुरुवात केली. सुईचं टोक कॅन्युलाच्या टोकापुढे असतं. रक्त आलं म्हणजे सुई शिरेत पोचली. कॅन्युला अजून बाहेर असू शकते. कोन उतरवून दोन्ही मिळून जरासं पुढे न्यायचं आणि मग कॅन्युला सरकवायची, हे पुस्तकात वाचून सगळ्यांना पाठ असतं. स्वतःचा अंगठा निसटताना डोळ्यांनी पाहिला की पुढच्या वेळी तो जागेवर राहतो. मुख्य म्हणजे तिनं ते स्वतः शोधलेलं असतं, कोणी तिला बोल लावलेला नसतो.

आता कॅमेऱ्याची मर्यादा नीट समजून घ्या, कारण चुकीचे निष्कर्ष इथेच निघतात. डोक्यावरचा कॅमेरा डोकं कुठे वळलं ते दाखवतो, डोळे कुठे होते ते नाही. मान स्थिर ठेवून आपण मॉनिटरकडे, हाताकडे, दाराकडे सहज पाहतो. चित्रात मॉनिटर आहे म्हणजे विद्यार्थ्यानं तो वाचला असं नाही, आणि चित्रात नाही म्हणजे त्याचं दुर्लक्ष झालं असंही नाही. बोटाला लागलेला शिरेचा उसळता स्पर्श, त्वचा भेदताना जाणवणारा सूक्ष्म धक्का, हे कोणत्याच फितीत उतरत नाही. त्यामुळे फीत पाहून शिक्षकानं निकाल देऊ नये. फीत विद्यार्थ्याची आठवण जागी करण्यासाठी वापरायची.

ही पद्धत आरोग्यक्षेत्राबाहेरून आली. ओमोडेई आणि मॅक्लेनन यांनी १९९४ मध्ये नकाशा घेऊन रानातून धावणाऱ्या ओरिएंटियरिंग स्पर्धकांच्या डोक्यावर कॅमेरा लावला, आणि नंतर तीच फीत दाखवून त्या त्या क्षणी मनात काय चाललं होतं ते त्यांच्याकडून वदवून घेतलं. पुढे पेलाचिया आणि सहकाऱ्यांनी आपत्कालीन विभागातल्या अनुभवी डॉक्टरांवर हीच पद्धत वापरली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की निदानाच्या बहुतेक शक्यता पहिल्या काही मिनिटांतच मनात येतात, काही तर रुग्णाला भेटण्याआधीच. नवख्या विद्यार्थ्याला ही गोष्ट कळणं फार मोलाचं आहे. कारण त्याला वाटतं की अनुभवी डॉक्टर सगळी माहिती गोळा करतो आणि मगच विचार करायला लागतो.

तेव्हा फीत कशी पाहायची? शक्यतो त्याच दिवशी. दुसऱ्या दिवसापर्यंत विद्यार्थी स्वतःच्या कृतीला सोयीची कारणं जोडून मोकळा झालेला असतो. आधी त्याला एकट्याला पाहू द्या आणि थांबावंसं वाटणाऱ्या दोन जागा निवडायला सांगा. हा टप्पा वेळ वाचवण्यासाठी वगळू नका. स्वतःचा आवाज आणि स्वतःची धडपड पाहताना होणारा संकोच त्या एकांतात ओसरतो, आणि मग शिक्षकासोबत बसल्यावर बोलणं कामाबद्दल होतं. शिक्षकानं स्वतःची एकच जागा निवडावी. पूर्ण वीस मिनिटांची फीत एकत्र बसून पाहण्यात अर्थ नाही. तीन तुकडे, प्रत्येक मिनिटभराचा, भरपूर होतात.

आणि प्रश्न जपून विचारा. "असं का केलंस?" म्हटलं की विद्यार्थी बचावावर उतरतो. "इथे तुला काय दिसत होतं?" म्हटलं की तो आठवू लागतो. "पुढे काय होईल असं वाटलं होतं?" हाही चांगला प्रश्न आहे. विचारून झाल्यावर गप्प राहा. पहिली शांतता शिक्षकाला असह्य वाटते आणि तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो. नेमकं त्याच वेळी विद्यार्थी विचार करत असतो. तुमचं निरीक्षण वेगळं असेल तर ते उघडपणे सांगा: "मला इथे अंगठा सुटलेला दिसला, आणि त्यामुळे शीर हलली असावी असं वाटतं. तुला काय वाटतं?" सिम्युलेशन, म्हणजे खऱ्या प्रसंगाची नक्कल करून दिलेल्या शिक्षणात जेनी रुडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी २००६ पासून मांडलेली डीब्रीफिंगची, म्हणजे सरावानंतरच्या चर्चेची रीत याच धर्तीवर आहे: शिक्षकानं आपलं मत लपवायचं नाही, पण ते कुतूहलानं तपासून घ्यायचं.

मला सर्वात मोलाचा वाटणारा आणि सर्वात कमी वापरला जाणारा प्रयोग पुढचा आहे. कॅमेऱ्याचा चष्मा सिम्युलेटेड पेशंटला, म्हणजे रुग्णाची भूमिका करणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीला घाला. रुग्ण पलंगावर निजलेला असतो. विद्यार्थी येतो, वाईट बातमी सांगतो किंवा ऑपरेशनची संमती घेतो. मग तो फीत पाहतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला पलंगावरून दिसणारा स्वतःचा चेहरा दिसतो. उभ्यानं बोलणारी, वरून वाकलेली आकृती. "काळजी करू नका" म्हणताना केस पेपरवर असलेले डोळे. पेशंटनं काही विचारायला ओठ उघडले तेवढ्यात वळलेली पाठ. संवादकौशल्यावरच्या कितीही व्याख्यानांत "खुर्ची ओढून बसा" असं सांगितलं, तरी या एका फितीनंतर विद्यार्थी ज्या तत्परतेनं खुर्ची शोधतो ती व्याख्यानानं येत नाही. तुमच्याकडे पैसे फक्त एका प्रयोगापुरते असतील, तर मी हाच करायला सांगेन.

मात्र भूमिका करणाऱ्या व्यक्तीला आधी नीट समजावून सांगा. डोकं उगाच हलवायचं नाही, पण कॅमेऱ्यासाठी ताठही राहायचं नाही. आणि फीत पाहताना त्या व्यक्तीला खोलीत बसवा. "त्या क्षणी मला एकटं वाटलं" हे वाक्य तिच्या तोंडून आलं पाहिजे, शिक्षकाच्या नव्हे.

टीमच्या कामाला, म्हणजे हृदय बंद पडल्यावरच्या सीपीआरला किंवा अपघातग्रस्ताच्या पहिल्या उपचारांना, अंगावरचा कॅमेरा एकटा पुरत नाही. तिथे भिंतीवरचा स्थिर कॅमेरा मुख्य. असं चित्रण जुनं आहे. हॉइट आणि सहकाऱ्यांनी ट्रॉमा उपचारांच्या व्हिडिओ रेकॉर्डिंगचा शिकवण्यासाठी वापर १९८८ मध्येच प्रसिद्ध केला होता. डोक्यावरचा कॅमेरा टीम लीडरला द्या, छाती दाबणाऱ्याला नको. दाबणाऱ्याचं डोकं मिनिटाला १०० ते १२० वेळा हलत असतं आणि फीत पाहवत नाही. शिवाय दाब ५ ते ६ सेंटिमीटर खोल गेला का आणि छाती पूर्ण वर आली का, हे वरून पाहून कळत नाही. ते मॅनिकिनच्या, म्हणजे सरावाच्या पुतळ्याच्या, सेन्सरवरूनच घ्या. लीडरच्या फितीत मात्र एक गोष्ट स्वच्छ दिसते: तो कुठे अडकतो. श्वासनलिकेत नळी घालणाऱ्याला अडचण आली की लीडर तिकडे वाकतो, स्वतः हात घालतो, आणि त्या वेळात मॉनिटरही त्याच्या चित्रात नसतो आणि घड्याळही. स्थिर कॅमेऱ्याची फीत शेजारी लावली की त्या वेळात बाकीचे काय करत होते ते दिसतं. दोन्ही फिती जुळवण्यासाठी सुरुवातीला सगळ्या कॅमेऱ्यांसमोर एकदा टाळी वाजवा. कॅमेऱ्यांची घड्याळं क्वचितच एकमेकांशी जुळतात.

आता प्रकाराबद्दल. हाताच्या कामांसाठी डोक्याच्या पट्ट्यावरचा छोटा ॲक्शन कॅमेरा घ्या. त्याचं वजन साधारण दीडशे ग्रॅम असतं, अर्ध्या तासापर्यंत ते जाणवत नाही. संवादासाठी चष्मा. चष्म्याचा कॅमेरा समोरच्याला खुपत नाही, पण सलग रेकॉर्डिंगला त्याची बॅटरी लवकर संपते. छातीवरचा कॅमेरा चालण्या-फिरण्याच्या कामाला, उदाहरणार्थ रुग्णवाहिकेतल्या प्रशिक्षणाला ठीक असतो. टेबलावर वाकून काम करताना त्याच्यासमोर आपलेच हात येतात.

शिक्षक खरेदीवर खूप चर्चा करतात आणि जोडणीवर अजिबात करत नाहीत. खरा फरक तिथे पडतो. हाताचं काम करताना माणूस मान थोडी वाकवतो आणि उरलेलं डोळे खाली करून पाहतो. कॅमेरा सरळ समोर लावला तर फितीत समोरची भिंत येते आणि हात खालच्या कडेला कापले जातात. म्हणून विद्यार्थ्याला कामाच्या स्थितीत उभं करा, मोबाइलवर चित्र पाहत कॅमेरा खाली झुकवा आणि हात मधोमध आल्यावर स्क्रू घट्ट करा. अतिरुंद कोन बंद करा. त्यात जखम चित्राच्या मध्यावर चिमुकली दिसते आणि कडा वाकतात. ओटीच्या दिव्याखाली किंवा पांढऱ्या चादरीवर आपोआप ठरणारा उजेड फसतो. नेमकं कामाचं ठिकाण पांढरं होऊन जातं, तेव्हा एक्स्पोजर हातानं कमी करून ठेवा. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे कॅमेऱ्यातही ५० हर्ट्झ निवडा, नाहीतर दिव्यांमुळे चित्रात पट्टे सरकताना दिसतात. आणि फोर-केचा, म्हणजे फुल एचडीहून जास्त बारकाव्याच्या चित्रणाचा, मोह सोडा. सेकंदाला ३० मेगाबिट या दरानं साध्या फुल एचडीतही तासाला सुमारे साडेतेरा जीबी जागा लागते. फोर-केला त्याहून खूप जास्त, आणि लहान कॅमेरा तापून मधेच बंद पडू शकतो.

आणखी एक. फक्त स्वतःच्याच ॲपमध्ये फीत उघडणारं उपकरण घेऊ नका. गुगल ग्लास सर्वसामान्य ग्राहकांसाठी २०१५ मध्ये थांबला, कंपन्यांसाठीच्या आवृत्तीची विक्री २०२३ मध्ये बंद झाली. त्यावर अभ्यासक्रम उभे करणाऱ्यांना नवी सोय शोधावी लागली. फाइल साध्या स्वरूपात मिळते का, इंटरनेटशिवाय कॅमेरा चालतो का, हे दोन प्रश्न विक्रेत्याला आधी विचारा. डोळ्यांची हालचाल टिपणारे आय-ट्रॅकिंग चष्मे संशोधनाला उत्तम आहेत. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत नवखे स्वतःच्या उपकरणाचा पाठलाग नजरेनं करतात आणि अनुभवी लक्ष्यावर नजर ठेवतात, हे नजर टिपणाऱ्या उपकरणांमुळेच दिसलं. पण रोजच्या वर्गासाठी ते महाग आणि किचकट पडतात.

विद्यार्थी बुजतील का? पहिल्या वेळी बुजतात, हो. कॅमेरा आहे म्हणून आवाज बदलतो, हात सावध होतात. दोन-तीन सरावांत त्याची सवय होते. बुजणं टिकून राहतं ते वेगळ्या कारणानं: ही फीत पुढे कोण पाहणार आणि माझ्या गुणांवर तिचा परिणाम होणार का, हे माहीत नसल्यामुळे. या प्रश्नाला तोंडी आश्वासन पुरत नाही; लेखी नियम करा. शिकण्यासाठी घेतलेली फीत परीक्षेला, शिस्तभंगाच्या चौकशीला किंवा नोकरीच्या शिफारशीला वापरली जाणार नाही. फीत पाहणाऱ्यांची नावं ठरलेली असतील. अमुक दिवसांनी ती पुसली जाईल, आणि विद्यार्थ्यानं मागितलं तर आधीही. जिथे मूल्यमापनासाठी रेकॉर्डिंग करायचं आहे तिथे ते वेगळं करा, आधी सांगून करा.

हा भेद मी हट्टानं पाळायला सांगते, कारण फितीवरून केलेलं मूल्यमापन खरोखर ताकदीचं असतं. बर्कमायर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मिशिगनमधल्या २० बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या, शल्यचिकित्सकांनी आपापल्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची प्रत्येकी एक फीत दिली. करणारा कोण हे माहीत नसलेल्या सहकाऱ्यांनी कौशल्याला गुण दिले. सर्वात कमी गुणांच्या गटाच्या रुग्णांत गुंतागुंतीचं प्रमाण १४.५ टक्के होतं, सर्वात वरच्या गटात ५.२ टक्के. एका फितीतून इतकं कळू शकतं, तर ती कोणाच्या हाती पडते याची काळजी विद्यार्थ्याला वाटणारच.

खऱ्या रुग्णाजवळ कॅमेरा न्यायचा की नाही हा वेगळा निर्णय आहे, आणि माझा सल्ला आहे की पहिलं वर्ष मॅनिकिन आणि सिम्युलेटेड पेशंटवरच काढा. पुढे रुग्णाकडे गेलात, तर उपचाराची संमती आणि चित्रणाची संमती वेगळी घ्या, आणि नकार दिला तरी उपचारात फरक पडणार नाही हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगा. तिथे हजर असलेल्या कर्मचाऱ्यांचीही संमती लागते. संस्थेची नैतिकता समिती आणि त्या त्या देशाचा माहिती-संरक्षण कायदा यांच्यातून प्रस्ताव आधी जाऊ द्या. चेहरा धूसर केला की झालं, असं समजू नका. ओळख पटवणाऱ्या गोष्टी बहुतेक वेळा दुसरीकडेच असतात: मनगटाचा पट्टा, गोंदण, मागच्या संगणकाचा पडदा, आणि सर्वात जास्त आवाज. रुग्णाचं नाव कोणीतरी मोठ्यानं उच्चारतंच. हाताचं कौशल्य शिकवायचं असेल तर आवाज मुळातच बंद ठेवा. कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा, मोबाइल ॲपवर आपोआप होणारं अपलोड बंद करा. साध्या ॲक्शन कॅमेऱ्याचं कार्ड सहसा एन्क्रिप्ट केलेलं, म्हणजे सांकेतिक कुलूप लावलेलं, नसतं. ते हरवलं तर कोणीही पाहू शकतो. म्हणून काम संपताच फीत संस्थेच्या सुरक्षित सर्व्हरवर हलवून कार्ड पुसायचं, आणि ही जबाबदारी एका नावानिशी ठरलेल्या व्यक्तीकडे द्यायची. विद्यार्थ्याच्या मोबाइलवर एकही फीत जाता कामा नये.

निर्जंतुक क्षेत्रात काम करताना कॅमेरा हात धुण्याआधी लावून चालू करायचा आणि ग्लोव्हज उतरवेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. मधे घसरला तर बाहेरच्या सहकाऱ्यानं सरळ करायचा, नाहीतर तसाच सोडून द्यायचा. पट्टा सैल असेल तर कॅमेरा थेट ट्रेमध्ये पडू शकतो, म्हणून तो लावल्यावर मान जोरात खाली-वर करून तपासून घ्या. प्रत्येक वापरानंतर पट्टा धुवा किंवा बदला. कापडी पट्टे डोक्या-डोक्यांतून फिरवू नका.

सुरुवात दोन ॲक्शन कॅमेरे आणि एका चष्म्यानं करा. एकच कौशल्य निवडा, कॅन्युला म्हणा, आणि तुकडीचे दोन गट पाडा: एकाला नेहमीचं शिकवणं, दुसऱ्याला तेच अधिक स्वतःची फीत पाहणं. दोन्ही गटांना सरावाचा एकूण वेळ सारखा द्या, नाहीतर फरक कॅमेऱ्याचा की जास्त वेळेचा हे कळणार नाही. महिन्याभरानं दोन्ही गटांची परीक्षा अशा शिक्षकाकडून घ्या, ज्याला कोण कोणत्या गटात होतं हे माहीत नाही. लगेच घेतलेल्या परीक्षेत सगळेच चांगले दिसतात. महिन्यानंतर अंगठा जागेवर राहतो का, ते तपासायचं आहे. फरक दिसला तर पुढचे कॅमेरे मागा. दिसला नाही, तर आधी फीत पाहण्याची बैठक तपासा: किती जणांची बैठक खरोखर झाली, आणि त्यात शिक्षक किती वेळ बोलत होता.